जावयाच्या ताटातलं सोयाबीन

माझ्या घरमालकानं मला आजवर एकदाही नावानं हाक मारलेली नाही. मी 'लातूर'. वरच्या मजल्यावर नवरा-बायको राहायचे ते 'सातारा', खालचा एकटा राहणारा माणूस 'रत्नागिरी', आणि गच्चीलगतच्या खोलीतली दोन पोरं 'बिहार'. ती मुळात ओडिशाची होती, पण काकांनी, म्हणजे घरमालकांनी, एकदा नाव ठेवलं की ते सातबाऱ्यावर चढल्यासारखं पक्कं व्हायचं. रोज सकाळी जिन्यात उभं राहून ते ओरडायचे, "सातारा, नल बंद कर. लातूरला पानी नाय." नवीन माणसाला वाटायचं, हा पाटबंधारे खात्यातला कुणी मोठा साहेब असणार.

नवी मुंबईत रबाळ्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये मला नोकरी लागली तेव्हा घर शोधताना माझे हाल झाले होते. नेरूळ-सीवूड्सकडच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी एकट्या मुलीला असं काही निरखायचे की जणू मी बॅगेत बॉम्ब घेऊन आलेय. तळवलीत काकांच्या बिल्डिंगची पाटी दिसली म्हणून आत शिरले. काका हाफ पँट आणि बनियनवर ओट्यावर बसले होते, गळ्यात जाडजूड सोन्याची साखळी. त्यांनी माझा पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, मटण खातेस का. मी म्हटलं, हो. मासळी? म्हटलं, सवय नाही. "व्हईल," असं म्हणून त्यांनी चावी दिली. माझी मुलाखत तेवढीच झाली.

माणूस विक्षिप्त होता, पण त्याच्या विक्षिप्तपणालाही शिस्त होती. हमरस्त्याला त्यांची शेती गेली होती आणि त्यातल्या एका तुकड्यावर आता बँकेचं एटीएम आहे. काका त्या एटीएममध्ये कधीच जायचे नाहीत. चालत पुढच्या चौकातल्या एटीएमला जायचे. का, तर पहिल्या एटीएमच्या जागी त्यांची म्हैस बसायची, आणि म्हशीच्या जागेवर उभं राहून पैसे मागायला त्यांना बरं वाटत नसे. मी दोनतीनदा वाद घातला आणि मग मीही पुढच्या चौकात जायला लागले.

खाण्याच्या बाबतीत तर त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. ज्याला पाय ते मटण. जे खाडीतून किंवा दर्यातून आलं ते मासळी. आणि भाजी म्हणजे पहिल्या दोन गोष्टी शिजेपर्यंत पाहुण्याला गुंतवून ठेवायचं साधन. सोमवार ते कडक पाळायचे. मटण नाही, मासळी नाही, अंडं नाही, आणि दुसऱ्या कुणी खाल्लेलंही समोर चालायचं नाही. अशाच एका सोमवारी त्यांनी मला वालाच्या भाजीची वाटी पाठवली. चव अशी की बोटं चाटत बसले. मग वाटीच्या तळाशी बघते तर बारीकबारीक काळे डोळे माझ्याकडे बघतायत. जवळा. सुकवलेली ती इवलीइवली कोळंबी. मी वाटी घेऊन खाली गेले आणि म्हटलं, काका, आज सोमवार ना?

"मंग? भाजीच हाय ती."

"ह्यात जवळा आहे."

"सुका म्हंजे मसाला," काका म्हणाले.

त्यांच्या घरी जवळ्याचा डबा हळद-हिंगाच्याच फळीवर असायचा, हे खरं. काकी चुलीशी बसून कपाळाला हात लावत म्हणाल्या, आमच्यात कुणी असं करत नाय, ह्यांचाच सोमवार तसा. मी हसले आणि विसरून गेले.

आता त्यांच्या मुलीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. एकुलती एक मुलगी, सीवूड्सला बँकेत नोकरीला. तिथंच तिनं लग्न जमवलं. मुलगा सोलापूरकडचा, आणि घराणं पिढ्यान् पिढ्या शाकाहारी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत नाही. काकांनी लग्नाला विरोध केला नाही. धुमधडाक्यात लावून दिलं. घोळ झाला तो लग्नानंतरच्या पहिल्या गावदेवीच्या जत्रेला. मी तेव्हा अजून तळवलीत आलेली नव्हते. काकींनी मला हे दोनचार वेळा सांगितलं, आणि दर वेळी सांगताना त्यांचा आवाज एकाच ठिकाणी अडकायचा.

चैत्रातल्या जत्रेला गावात घरोघरी मटणाची पंगत बसते. लेकी-जावई, सोयरे, मित्र, कंपनीतले लोक, सगळे जेवायला. जावई पंगतीत बसला तेव्हा त्याच्या पानात दही-भात आणि कोशिंबीर वाढली. काकांचा एक चुलत भाऊ आहे, जेसीबी भाड्यानं देतो आणि तोंडही जेसीबीसारखंच चालवतो. तो सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, दादूसनं जावय आनला का बकरा, पाला खातंय. पंगत हसली. जावई मान खाली घालून जेवत राहिला. मुलीनं हातातलं भांडं खाली ठेवलं, नवऱ्याला उठवलं आणि निघाली. काका मागे धावले, म्हणाले त्याचं काय मनावर घेतेस. तर ती फाटकात थांबून म्हणाली, "त्याचं सोड. बाबा, तू पण हसलास."

तेव्हापासून ती घरी आली नव्हती. फोन करायची, आईला मॉलमध्ये भेटायची, बापाशीही बोलायची, पण उंबरा ओलांडायचा नाही. म्हणाली, माझा नवरा ज्या दिवशी तुमच्या पंगतीत ताठ मानेनं जेवेल त्या दिवशी येईन. काका ह्या विषयावर एक शब्द बोलायचे नाहीत. फक्त जत्रा जवळ आली की त्यांची चिडचिड वाढायची आणि बिहारच्या पोरांना विनाकारण शिव्या पडायच्या.

अशात एकदा काका-काकी मुलीला भेटायला सीवूड्सच्या मॉलमध्ये गेले. तिथं जावयानं सासऱ्याला बर्गर खाऊ घातला. काकांनी एक खाल्ला, दुसरा मागवला, आणि खिमा कवळ्या बोकडाचा दिसतो असं प्रशस्तिपत्रही दिलं. जावई हळूच म्हणाला, बाबा, हे सोयाबीनचं आहे. काकी सांगतात, तिथून तळवलीपर्यंत हा माणूस एक अक्षर बोलला नाही. मी तर समजले ह्यांना लकवा मारला, असं त्या म्हणाल्या.

घरी आल्याआल्या काकांनी माझं दार वाजवलं. "लातूर, तुमचे गावाला सोयाबीन व्हतं ना?"

म्हटलं, होतं की. सगळं शिवारच सोयाबीनचं.

"मंग ता खाता कसा?"

आता आली का पंचाईत. आमच्याकडे सोयाबीन पेरतात, काढतात, मोंढ्यावर नेऊन घालतात. खात कुणीच नाही. हे सांगितल्यावर काकांनी माझ्याकडे अशा काही करुणेनं बघितलं की मला आमच्या अख्ख्या जिल्ह्याची लाज वाटली. पण त्यांच्या लेखी मी लातूरची होते, म्हणजे सोयाबीनची तज्ज्ञ होते, विषय संपला. दिवाळीला गावी गेले तर मला पोतडं भरून आणायचा हुकूम होता. वडील म्हणाले, बाई, हे काय खायला न्यायलीस, त्यापेक्षा तूर ने. मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली.

काकांची योजना साधी होती. बर्गर फक्त जावयासाठी करायचाच नव्हता. तो सगळ्या पंगतीला वाढायचा, मटणाच्या जोडीला. "जावयाचे ताटान जा पडल, ता सगल्यांचे ताटान पडल. मंग कोन कोनाला हसंल?" हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, सोयाबीन निवडत होते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा माणूस आतून किती पोळलाय. एरवी त्यांच्या मदतीला मी नाही म्हटलं असतं, कारण मला माझी रविवारची झोप फार प्यारी आहे.

पहिला प्रयोग म्हणजे कहर होता. काकांनी सोयाबीन वालासारखं अर्धवट शिजवलं, पाट्यावर जाडंभरडं वाटलं आणि तळून बिल्डिंगभर वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या बंद एसी लॅबमध्ये मी काय सोसलं आणि माझ्या सहकाऱ्यांनी काय सोसलं, ते इथं लिहीत नाही. साताऱ्यानं रजा टाकली. रत्नागिरी जिन्यात भेटले तर नजर चुकवून निघून गेले. सगळी बिल्डिंग फुग्यासारखी फुगली होती, पण काकांना त्याचं काही नाही. म्हणाले, "सोयाबीन लातूरचा हाय ना, पानी बगून येडा झाला."

मग मी मोबाईलवर शोधशोधून त्यांना शिकवलं. आदल्या दिवशी भिजत घालायचं, चोळून सालं काढायची, बोटांत धरलं तर लोणी व्हावं इतकं शिजवायचं. सालं काढण्यात काकांचा हात कुणी धरला नसता. घमेल्यात पाणी घेऊन मनगटाला असा काही झोका द्यायचे की सगळी सालं एका कडेला गोळा व्हायची. खाडीत टोपलीनं कोळंबी धरायची सवय होती, ती तिथं कामाला आली. पण टिक्की तव्यावर टाकली की फुटायची. काकी चार दिवस तमाशा बघत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, तांदळाच्या पिठाची उकड घाला की, भाकरीला घालतो तशी. टिक्की घट्ट बसली. संध्याकाळपर्यंत ही युक्ती काकांची स्वतःची झाली होती. रंगासाठी बीट किसलं, तेव्हा बनियनभर लाल डाग घेऊन ते दुकानात गेले आणि तेही सोमवारी. गावात बातमी पसरली की म्हाताऱ्यानं सोमवारी बोकड कापला. ती निस्तरायला काकींना दारोदार फिरावं लागलं.

सोवळं तर विचारू नका. जावयासाठी नवा तवा, नवी पातेली, नवं उलथनं, तेलाचा नवा डबा. जुन्या पाट्याला मटणाचा मसाला लागलेला म्हणून नवा पाटा आणला आणि छिन्नीनं टाकी लावून घेतली. गच्चीवर त्यांनी विटेच्या तुकड्यानं रेघ ओढली होती. रेघेपलीकडे मटण-मासळीचं भांडं यायचं नाही. बांगडे साफ करून आलेल्या काकींनी चुकून त्या उलथन्याला हात लावला तर केवढं रामायण झालं. मीसुद्धा हात धुऊन, पुन्हा हात धुऊन रेघ ओलांडायचे. आमच्या लॅबमध्ये एवढी शिस्त नव्हती, खोटं कशाला बोलू.

मुलीला फोन गेला. जावयबुवा पंगतीत बसणार, सगळ्यांच्या पानात तेच पडणार, काकांनी शब्द दिला. ती म्हणाली, येते, पण ही शेवटची वेळ. पुन्हा तसं काही झालं तर मला बोलावू नकोस. काका फोन ठेवून उगाचच सगळ्या नळांना हात लावून बघत फिरले.

जत्रेच्या आदल्या दिवशी तो जेसीबीवाला चुलत भाऊ मटणाची पातेली मोजायला आला. काकांनी मोठ्या ऐटीत त्याला टिक्की दिली. त्यानं एक घास घेतला आणि गच्चीच्या कठड्यावरून खाली थुंकला. "दादूस, यो माती हाय. उद्या लोक पंगतीन थुंकतील आनि तुझे जावयाचे तोंडाकडं बगतील." काकांचा चेहरा पडला. मी म्हटलं, काका, चांगली झालीये, त्याला मटणाशिवाय काही कळत नाही. काका टिक्क्या उलटसुलट करून बघायला लागले, आणि मी कामाला निघून गेले.

जत्रेच्या सकाळी रजा घेऊन मी पाव कापायला गच्चीवर गेले, तर टिक्क्या तळून तयार. नव्या पातेल्यात रचून वर केळीचं पान. वास असा सुटला होता की खाली मांडवातले लोक नाकं वर करून बघत होते. मी एक उचलायला गेले तर काकांनी हातावर चापट मारली. पहिला घास जावयाचा. म्हटलं, काल रात्रीत काय जादू केलीत? काका डोळे मिचकावून म्हणाले, मसाला सुधारला.

मुलगी आली. काकींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला कवटाळून अशा रडल्या की ढोलवालेसुद्धा थांबले. जावई किडकिडीत, चष्मा, नवा शर्ट, तोंडी परीक्षेला आल्यासारखा. त्याला पंगतीच्या मध्यभागी बसवला. मटण वाढलं, त्याच्या पानात दही-भात वाढला, आणि मग काकांनी स्वतः सगळ्या पंगतीला बर्गर वाढले. मुलगी दह्याचं भांडं घेऊन टोकाला उभी होती. ती सगळ्या पानांकडे बघत होती. सगळीकडे तेच होतं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला, मी स्वतः पाहिलं.

परातीत एक फुटकी टिक्की उरली होती. मी तिचा तुकडा तोंडात टाकला. काय चव होती, देवाशपथ. मॉलवाल्यांनी दुकानं बंद करावीत अशी. आणि मग दाताखाली काहीतरी बारीक, मिशीसारखं लागलं. हातातला तुकडा बघितला तर त्यातून एक इवलासा काळा डोळा माझ्याकडे बघत होता. मला एकदम ती वालाची वाटी आठवली.

मी काकांना गाठून कानात विचारलं, काका, ह्यात जवळा घातलात?

"हाय की. म्हनून तं चव आली."

"काका, तो ते खात नाही. जीव असतो तो."

"सुका म्हंजे..." काका म्हणाले आणि तिथंच थांबले.

नवा तवा, नवं तेल, विटेची रेघ, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. जावयाला काही कळलं नसतं. त्यानं आयुष्यात जवळा बघितलेला नव्हता. पण मुलगी ह्याच घरात वाढलेली. तिला पहिल्याच घासाला कळलं असतं, आणि बापानं मुद्दाम बाटवलं ह्यापलीकडे तिनं काही ऐकून घेतलं नसतं. गप्प बसून नशिबावर हवाला ठेवता आला असता. मला वाटलं, काका काहीतरी निमित्त काढतील, जावयाला बाजूला बोलावतील. तेवढ्यात गावदेवीच्या नावाचा गजर झाला आणि पंगतीनं घास उचलले.

काका सरळ पंगतीवरून चालत गेले. पानं ओलांडत, एवढं पोट घेऊन, कुणाच्या रश्श्यात पाय, कुणाच्या भातात. बर्गर जावयाच्या ओठाशी पोचला होता. काकांनी त्याचं मनगट धरलं.

"नको खाऊस. त्यान जवला हाय. मीच टाकला."

पंगतीतल्या माना एकदम तिकडे वळल्या. जावयानं बर्गर खाली ठेवला. मुलगी दह्याचं भांडं घेऊन जवळ आली होती. तिचा चेहरा पांढराफटक. तिनं एवढंच विचारलं, "मुद्दाम?"

"नाय गं बाय. माती लागत व्हता. लोक हसतील याला म्हनून टाकला. मना वाटला मसाला."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता. पण बापाचे सोमवार बघतच ती लहानाची मोठी झालेली. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिला राग आवरत नव्हता की हसू, ते मला कळेना.

एवढ्यात तो चुलत भाऊ, ज्याचा बर्गर एव्हाना अर्धा संपला होता, तोंडात घास ठेवूनच म्हणाला, चला, जावयाला परत पाला. दोघंतिघं हसले. काकांनी स्वतःसाठी वाढून ठेवलेलं मटणाचं ताट उचललं, भावाच्या पुढ्यात ठेवलं, आणि जावयाशेजारी जमिनीवर फतकल मारली. म्हणाले, मनापन दही-भात वाढ. ज्या माणसानं दह्याला कायम आजाऱ्याचं खाणं म्हटलं, तो जत्रेच्या दिवशी, अख्ख्या गावासमोर.

"आता दोन बकरे," भाऊ म्हणाला.

"हास," काका त्याला म्हणाले. आवाज मुळीच चढवला नाही. "मी पन हासलू व्हतू."

भावाचं हसू तोंडातल्या घासासकट गिळलं गेलं. मुलगी वाकली आणि बापाच्या पानात भात वाढून त्यावर दही ओतलं, इतकं की ते पानाबाहेर वाहायला लागलं. "खा आता," ती म्हणाली, आणि डोळे पुसून पुढच्या पानाकडे गेली.

काकांनी एरंडेल घेतल्यासारखं तोंड करून पहिला घास घेतला. जावई बाजूला गालात हसत होता, पहिल्यांदाच. इकडे पंगतीनं बर्गरवर असा हात मारला की पातेलं पुसून खाल्लं. भावानं तर तिसऱ्यांदा मागितला, आणि उरला नाही म्हटल्यावर रुसला. मटणाचा वास मांडवभर घुमत होता आणि काका त्याच्याकडे पाठ करून दही-भात खात होते.

मुलगी परत आली. "अजून वाढू?"

काकांनी जावयाच्या पानाकडे बघितलं. "वाढ. जावय उठस्तवर मी नाय उठनार."

जावई सोलापूरकडचा, वळणाचा मुलगा. सासरे जेवत असताना आपण कसं उठायचं, म्हणून त्यानंही अजून भात मागितला. मग काकांनी घेतला. मग त्यानं घेतला. पंगत उठली, पानं उचलली गेली, दुसरी पंगत यायला लागली, आणि हे दोघं आपले शेजारीशेजारी नजर चोरत दही-भात खातायत. मुलगी कमरेवर हात ठेवून दोघांना वाढतेय, आणि हसतेय. दह्याचं भांडं रिकामं झालं तेव्हा कुठं दोघं एकदम उठले.